ध्रुवावरची माती आणि आमचा राब

प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला की गार वाफेबरोबर दक्षिण ध्रुवाकडच्या मातीचा वास येतो, आणि तो वास डिझेलचा असतो. इतक्या दूरच्या, इतक्या शुभ्र प्रदेशाला असा ओळखीचा वास असावा! तिथल्या एका तळावर कधीतरी इंधन सांडलं आणि थंडीने ते जपून ठेवलं. उष्ण देशांतून वाऱ्यावर निघालेली कित्येक विषंही शेवटी तिथेच गोठून उतरतात. जगाने टाकलेलं सांभाळत बसलेलं ते पांढरं मौन मला जवळचं वाटतं. मीही फार बोलत नाही, म्हणून असेल.

हाच वास गेल्या हिवाळ्यात टोकावड्याला, आमच्या शेतात आला. भातझोडणीच्या मशीनजवळ डिझेलचा कॅन कलंडला आणि राबाची जागा भिजली. शेण आणि पालापाचोळा पसरून जिथे जाळायचा, आणि त्या राखेत भाताची रोपं वाढवायची, ती जागा. पाण्याजवळची आमची तेवढीच. ती नासली तर लावणीला रोपं कुठून आणायची? बाबा निश्चिंत होते. राब दणकून भाजला की तेलही जळून जाईल, असं त्यांचं म्हणणं. आगीने सगळं शुद्ध होतं, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा.

मग एकदा जेवताना, ताटाकडे बघतच म्हणाले, "बाबा, ती माती जाळू नका. तिच्यात तेल खाणारे जिवाणू आहेत, तेही मरतील."

ते ताट उचलून मोरीकडे गेले.

ध्रुवावर नियमानुसार बाहेरचे जिवाणू नेता येत नाहीत. तिथल्याच मातीत अर्धवट निजलेल्यांना जागं करावं लागतं. थोडं खत, थोडी हवा, तिथल्या उन्हाळ्याची जेमतेम ऊब, एवढ्यावर ते तेल संपवू लागतात, अगदी सावकाश. आमच्याकडे तर उन्हाला काय तोटा! मी तेलकट माती खणून ताडपत्रीवर ढीग रचला, शेणखत मिसळलं, पाणी शिंपडलं. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "बरफ शिकाया गेली नि शेणात हात घालून बसली गो!"

सुट्टीला आले की मी ढीग खालवर करायची. पण एका खेपेला पाहिलं, तर त्यावर फावड्याच्या ताज्या खुणा होत्या. मी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. फाल्गुनात सगळ्यांचे राब भाजले गेले. आमचा तुकडा तेवढा थंड राहिला.

पेरणीच्या तोंडावर घरी आले, तर दारात एक घमेलं होतं. ढिगातली माती, आणि तिच्यात मूठभर भात पेरलेला. रोपं विरळ होती, काहींची टोकं पिवळी, पण होती. बाबांनी त्यातली चिमूटभर माती नाकाशी नेली.

"आता मातीचाच वास येतो," ते म्हणाले. "चल गो, पसरू राबात."

प्रयोगशाळेत परतल्यावर मी फ्रीज उघडला. तोच वास, तीच गार वाफ. ध्रुवावरच्या मातीला किती वर्षं लागतील, मला ठाऊक नाही. मी तिच्या बरणीत खताचं पाणी मोजून घातलं, ती हलकेच हलवली आणि झाकण थोडं सैल ठेवलं, हवेसाठी.