कचेरीतलं पाणी

केनवडच्या बापूरावाचा उजवा पाय चालताना आधी बाजूला जायचा आणि मग पुढं यायचा. तरी गावात त्याला लंगडा कुणी म्हणत नसे. तो पाय नागपूरच्या मोठ्या कचेरीच्या पायव्यात चिरडला होता, आणि सरकारी कामात गेलेल्या पायाला नावं ठेवायला लोक कचरत.

तरुणपणी एका कोरड्या वर्षी तो नागपूरला मजुरीला गेला. कचेरीचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. पावसाळ्यापर्यंत त्याने दगड वाहिले. पायवा जमिनीच्या हातभर वर आला तेव्हा एक घडीव चिरा दोरातून निसटला आणि त्याच्या पायावर बसला. दवाखान्यातून तो परस्पर गावी आला. भिंती चढलेल्या त्याने पाहिल्याच नाहीत. ठरलेलं लग्न मोडलं, पुढं आई गेली, आणि गावाबाहेरच्या आपल्या मळ्याच्या कडेला एका झोपडीत तो एकटा राहू लागला.

लोकांनी विचारलं, ‘कशी हाय गा कचेरी?’

‘मोठी हाय,’ तो म्हणाला.

लोक उठले नाहीत. आणखी काही येईल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आपल्याकडे कुणी असं बघत थांबतं, हे बापूरावाला नवीन होतं. मग तो सांगू लागला. श्रावणात देवळात पोथी लागायची. तिच्यातल्या राजाच्या दरबाराची फरशी त्याने उचलली आणि नागपूरला नेऊन बसवली. इतकी गुळगुळीत, की पाणी साचलंय असं वाटून बाया लुगडं वर धरतात. जिना चंदनाचा. खांबाला कान लावला तर वरच्या मजल्यावरच्या साहेबाचं बोलणं ऐकू येतं. दरवर्षी कचेरीत थोडी भर पडत गेली. संध्याकाळी त्याच्या झोपडीपुढं चार माणसं बसत, ती त्या कचेरीपायी. ती उठून गेली की बापूराव चूल पेटवायचा. अंथरुणावर पडला की जिना चढायचा, दालनं फिरायचा. कुठल्या खिडकीतून ऊन येतं हेही त्याला ठाऊक होतं.

ऐकणाऱ्यांत शेजारच्या मळ्यातली चतुराबाई होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वांगी-मेथी घेऊन रिसोडच्या बाजाराला जायची. ती मध्ये बोलायची नाही. फक्त फरशीची गोष्ट आली की म्हणायची, ‘पुन्हा सांगा, बापूभाऊ.’

अडतीस सालच्या कार्तिकात उत्तमराव पाटलांनी रामटेकच्या जत्रेला जायचं काढलं. जाता जाता नागपूरला कचेरीही पाहायची. पाटलांचा साळा तिथंच कारकून होता आणि सरकारही आता आपल्या लोकांचं निवडून आलं होतं.

‘दाखवणारा तर आपल्या गावातच हाय,’ पाटील म्हणाले. ‘बापूरावजी, तुमी पुढं, आमी मागं.’

बापूराव म्हणाला, पाय दुखतो. पाटलीणबाई जिजाबाई म्हणाल्या, गाडीत गादी टाकू. मळ्याला पाणी कोण देईल, असं त्याने विचारलं. पाटलांचा गडी रामकिसन देईल, असं ठरलंही. शेवटी चतुराबाई नवं लुगडं घेऊन आली. रिसोडहून आणलेलं, हिरवं, घडी न मोडलेलं. ‘जत्रेसाठी नाई घेतलं,’ ती म्हणाली. ‘कचेरीसाठी घेतलं.’ त्यावर बापूरावाला नाही म्हणता आलं नाही.

बैलगाडीने वाशीम, तिथून मोटारीने अकोला, अकोल्याहून आगगाडीने नागपूर. वाटेत सगळे त्याला विचारत होते. पूर्वी विचारल्यावर त्याला बरं वाटायचं. आता तो प्रत्येक उत्तर आखडतं घेत होता. ‘पंचवीस वर्षं झाली, पालटली असंल,’ एवढं त्याने दोनदा म्हणून ठेवलं. खिडकीपाशी बसून तो मनातल्या मनात दालनं फिरत राहिला. हा शेवटचा फेरा आहे, असं त्याला वाटत होतं.

कचेरी मोठी होती, यात खोटं काही नव्हतं. उंच दगडी कमानी, लांबच लांब व्हरांडे. पाटलांच्या साळ्याला सवड नव्हती. त्याने लखीराम नावाचा चपराशी बरोबर दिला. लखीराम पुढं, त्याच्यामागं पाटील, पाटलीणबाई, चतुराबाई आणि सगळ्यांत मागं बापूराव. चपला हातात घ्याव्या की पायात ठेवाव्या, हे कुणाला कळेना. हातात घेतल्या.

पाटलांनी जिन्याच्या कठड्याला नाक लावलं.

‘काय हुंगून राह्यले, पाटील?’ लखीरामने विचारलं.

‘चंदन हाय ना हे?’

‘सागवान हाय. वास येत असंल तर तो फिनेलचा.’

पाटलांनी नाक पुसलं. ‘जुना जिना बदलला वाटते,’ ते जिजाबाईंना म्हणाले. कुणी बापूरावाकडे वळून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं त्यापेक्षा ते त्याला जड गेलं. वाटेत खांब पुष्कळ लागले. कुणी कान लावला नाही.

वरच्या मजल्यावर लखीरामने एका दालनाचं दार उघडलं. चतुराबाई उंबऱ्याशी थांबली. तिने लुगड्याचा काठ दोन्ही हातांनी वर धरला, घोट्याच्या वर, आणि पाऊल असं टाकलं जसं कुणी ओढ्याच्या थंड पाण्यात टाकतं. एक पाऊल. मग दुसरं.

आत शहाबादी फरशी होती, धुळकट. भिंतीला लागून लाल फितीने बांधलेल्या दप्तरांचे ढीग होते. टेबलाशी एक कारकून डबा उघडून पोळी खात होता. त्याचा घास हातातच राहिला.

लखीराम मोठ्यांदा हसला. ‘बाई, कोठं चालल्या? नदी उतरून राह्यल्या काय?’

कारकूनही हसला. पाटील दुसरीकडे बघू लागले. चतुराबाई दालनाच्या मधोमध उभी होती, काठ अजून हातात. बापूराव दारात होता. तिने मान वळवून आता आपल्याकडे पाहू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि पाहिलंच तर शिव्या द्याव्या.

तिने पाहिलं नाही. काठ सोडला, निऱ्या सारख्या केल्या आणि लखीरामला म्हणाली, ‘तुले काय माहीत रे? साहेब येणार असला की घासत असतीन. रोज रोज कोण घासते? तुमची झाडलोट तर दिसूनच राह्यली.’

‘व्हय, व्हय,’ जिजाबाई घाईने म्हणाल्या. ‘ते दालन बंद असंल आज.’

‘बंदच असंल,’ पाटील म्हणाले.

सगळे बाहेर पडले. लखीराम त्यांना कमानीखाली सोडून गेला, आणि पाटील भोजनालयाची चौकशी करू लागले. बापूराव म्हणाला, ‘मी आलो जरा,’ आणि इमारतीला वळसा घालून मागं गेला. त्याच्या पायावर पडलेला चिरा तिथंच पायव्यात बसवलेला असणार होता. कोपऱ्यापासून जरा डावीकडं, खालून दुसऱ्या थरात. त्याचा एक कोपरा उडालेला. ती एकच गोष्ट त्याच्याजवळ खरी होती आणि ती त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आज मात्र चतुराबाईला बोलावून दाखवावी असं त्याला वाटलं. ‘हा बघा,’ एवढंच म्हणायचं होतं.

भिंतीला लागून मेंदीचं दाट कुंपण वाढलं होतं. त्याने हात घालून फांद्या बाजूला केल्या. आत माती चढली होती. खालचे थर जमिनीत गेले होते. तो वाकून मातीत बोटं घालत होता, तेवढ्यात माळ्याने हाक मारली, ‘ए बुवा, काय हरवलं?’

‘काई नाई,’ बापूराव म्हणाला आणि पाय ओढत परत आला.

रामटेक झालं, गाव आलं. पहिल्याच संध्याकाळी झोपडीपुढं माणसं जमली, नेहमीपेक्षा जास्त. ‘सांगा बापूरावजी, कशी दिसली?’ त्याने तोंड उघडलं. डोळ्यांपुढं दप्तरांचे ढीग आले, पोळी खाणारा कारकून आला. त्याने जिना शोधला. फिनेलचा वास आला. ‘मोठी हाय,’ तो म्हणाला.

‘मी सांगते,’ चतुराबाई म्हणाली. ती जरा पुढं सरकली. ‘उंबऱ्यातच मले थंड लागलं, माय. म्या लुगडं असं धरलं. पाह्यते तं काय, खालून मीच वर पाहून राह्यली.’

‘मंग? भिजलं काय?’

‘भिजते कशाचं! फरशी ना ते!’

माणसं तिच्याकडे बघत होती. तोंडं उघडी टाकून, अगदी तशीच. ती चांगलं सांगत होती, त्याच्यापेक्षा सावकाश. खालून वर पाहणारी बाई बापूरावाच्या कचेरीत कधी नव्हती. ती हे त्याची लाज झाकायला सांगत होती की तिला तसंच दिसलं होतं, हे त्याला ओळखता येईना, आणि विचारायची हिंमत नव्हती.

त्या हिवाळ्यात माणसं हळूहळू तिच्या मळ्याकडं बसू लागली. तिच्याकडं ओटा होता, शेकोटीला कपाशीच्या पऱ्हाट्या होत्या. सुरुवातीला बापूरावाला हाक यायची. दोन्ही मळ्यांच्या मध्ये तुरीचं एकच वावर, आवाज पोचायचा. झोपडीपुढं बसून तो ऐकायचा. तिथं जिना चंदनाचा होता, खांब बोलत होते, खिडक्यांतून ऊन येत होतं.

रात्री अंथरुणावर पडून तो पूर्वीसारखा कचेरीत जायला बघायचा. उंबऱ्यापाशीच मेंदी लागायची. तो फांद्या बाजूला करायचा, आणि आत माती.