पहिलवानाची आंघोळ

पहिलवान हे नाव त्याला चेष्टेनं पडलं होतं. अंगापेक्षा बनियन रुंद, असा एकूण देह. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. कंपनीनं घरी बसवल्यापासून सुटी कामं धरत होता; पण हे त्यानं खोलीवरच्या दोघांना, रंगाऱ्याला आणि वायरमनला, सांगितलंच नव्हतं. तिघं एकमेकांचे टॉवेल वापरण्याइतके जवळचे. पण मनातलं बोलायची वेळ आली की मॅचवर घसरायचे.

पुरुषानं कुणाची मदत मागू नये, हे पहिलवानाचं तत्त्व. मोबाइलवर दंड फुगवून उपदेश करणाऱ्या कुणाकडून तरी फुकटात उचललेलं. त्याच्याच जोरावर त्यानं एका गिऱ्हाइकाचं मशीन एकट्यानं जिन्यावरून उतरवायला घेतलं.

"अहो, कुणाला तरी बोलवा," त्या घरच्या बाई म्हणाल्या.

"रोजचंच आहे," म्हणेपर्यंत कमरेत कट्‌कन झालं. मशीन शाबूत राहिलं. पहिलवान त्याला मिठी मारून बसला. मिठी मारायला आपल्याला मशीनच मिळावं, या विचारानं त्याला हसू आलं आणि हसण्यानं आणखी एक कळ.

बाईंनीच त्याच्या मोबाइलवरून फोन करून वायरमनला बोलावलं. डॉक्टरांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलं. दोन-तीन दिवसांनी रंगारी म्हणाला, "तुझा वास येतोय. चल, आंघोळ."

"माझं मी बघतो."

"बघ की. ऊठ."

उठता आलं नाही. दोघांनी धरून मोरीत स्टुलावर बसवला. चड्डी तेवढी वाचली, बाकी इज्जत पाण्याबरोबर गेली. रंगारी भिंत खरवडावी तशी पाठ चोळू लागला. आईनंतर त्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. पहिलवानाचे डोळे भरून आले.

"साबण गेला डोळ्यात."

"अजून लावलाच नाही," रंगारी म्हणाला.

मग लपवायचं तरी काय? "नोकरी गेली माझी," तो म्हणाला.

"माहितीये," दारातून वायरमन बोलला. "कंपनीच्या शर्टानं फरशी पुसतोस तू."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारायचं कसं, ते कुणाला येतंय?"

रंगाऱ्यानं पाठीवर आणखी एक तांब्या ओतला. मग रंगारी चोरी कबूल केल्यासारखा म्हणाला, "मी बघून आलो होतो त्या मुलीच्या घरून नकार आला. महिना झाला." वायरमननंही, रात्रीची झोप उडाल्याचं, हळूच सांगून टाकलं. पाणी गार झालं तरी कुणी उठेना.

बरा झाल्यावर पहिलवान पुन्हा कामाला लागला. पहिलं जड मशीन आलं तेव्हा त्यानं वायरमनला सोबत नेलं. "जरा हात लावतोस?" म्हणताना आवाज इतका बारीक निघाला, की वायरमननं "काय?" म्हणून तीनदा विचारलं.

त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं.