वीस केबीत न मावणारी बायको

गल्लीत त्याला सगळे वीसकेबी म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट दुकानाच्या पाटीवर तेच रंगवून घ्यावं असा त्याचा विचार चालला होता. समोरच्या कचेरीने सगळे अर्ज मोबाइलवर आणल्यापासून त्याचं मरायला टेकलेलं फोटोचं दुकान पुन्हा उठून बसलं होतं. फोटो वीस केबीच्या आत हवा, नाहीतर कचेरीचं ॲप तो घेतच नाही. केबी म्हणजे फोटोचं वजन, एवढं गिऱ्हाइकांना कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. हजारो केबींचे फोटो घेऊन माणसं रडकुंडीला येऊन आत शिरत आणि वीस केबीची होऊन बाहेर पडत.

हे साधायची त्याची स्वतःची पद्धत होती. कॉम्प्युटरवर फोटो फार दाबला की गालांवर चौकोन उमटतात, ते त्याला खपत नसे. फोटो लांबीरुंदीने लहान करायचा नाही, ही तर शपथच होती. कारण धंद्याच्या सुरुवातीलाच एका गृहस्थाचा असा लहान केलेला फोटो ‘फार लहान’ म्हणून परत आला होता आणि त्याने भर दुकानात वीसकेबीची सालटी काढली होती. मग उरला एकच मार्ग: माणूसच कमी करायचा. चौकडीच्या शर्टाला केबी लागतात, म्हणून खुंटीला एक करडा शर्ट कायमचा टांगलेला. येईल त्याने तोच चढवायचा. दातांना केबी लागतात, तेव्हा ओठ मिटा. सुरकुत्यांवर पावडर. भुवया फारच दाट असल्या तर तो कपाळाला हात लावी आणि कात्री आणायला आत जाई. लोकही निमूट ऐकत. बघता बघता ओळखपत्रांवर सगळी वस्ती एका आईची लेकरं दिसू लागली आणि वीसकेबीची छाती अभिमानाने फुगली.

हळूहळू हे खूळ घरात शिरलं. फुलाफुलांचे पडदे गेले, भिंतीवरचं नक्षीचं घड्याळ गेलं. बायको मात्र कमी होण्यातली नव्हती. केस असे कुरळे, की एकेक बट स्वतंत्र विचारांची. नाकावर ठिपके, आणि हसली की सगळा चेहरा हसायचा. “तुझे केस म्हणजे नुसते केबी,” असं म्हणत तो घरच्या फोटोंत तिला मागे उभी करी आणि धूसर करून टाकी. धुसराला केबी कमी लागतात. ती काही बोलत नसे, म्हणून तिला चालतंय असं त्याने धरलं होतं. चालत नव्हतं, पण विचारायला वेळ कुणाला होता?

मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या बाईने बस चालवायला शिकायला घेतलं. पहिल्या परीक्षेत खांबाला घासली, दुसऱ्या परीक्षेत पास झाली, आणि शाळेच्या बसवर तिला जागा मिळाली. आता फक्त मोबाइलवरून फोटो भरायचा राहिला होता. आज पाचच्या आत भरला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. जेवण उरकून ती दुकानातल्या स्टुलावर येऊन बसली आणि पुन्हा पुन्हा वेळ बघू लागली. त्याने पहिला फोटो काढला.

“किती?” तिने विचारलं.

“एकतीस. मी म्हणालोच होतो.”

केसांना पाणी लावलं. मग तेल लावून ते चापूनचोपून कानांमागे दाबले. ठिपक्यांवर पावडर, ओठ मिटलेले, अंगात करडा शर्ट. फोटो एकोणीस केबी भरला. वीसकेबीने मांडीवर थाप मारली आणि फोटो पाठवून दिला.

ॲपने क्षणभर विचार केला आणि कळवलं, की हा चेहरा आधीच नोंदलेला आहे. खाली तो चेहराही दाखवला. तो नळ दुरुस्त करणाऱ्याचा होता.

बायकोने मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.

“मी अशी दिसते?”

“वीस केबीत सगळे असेच दिसतात,” तो समजुतीने म्हणाला. “केस थोडे कापले तर फरक पडेल.” आणि त्याने कात्री उचलली.

“ती खाली ठेवा.” ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, करडा शर्ट काढून आपला फुलांचा झगा चढवून आली. ओले केस पुन्हा हवे तिकडे निघाले होते. “अहो, माणूस कशाला लहान करताय? फोटो लहान करा ना.”

“तसं चालत नाही.”

“कोण म्हणतं?”

त्या गृहस्थाची गोष्ट सांगायला त्याने तोंड उघडलं, पण पाच वाजत आले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. ही बाई घाबरली आहे, हे त्याला आत्ता कुठे दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने नवा फोटो काढला, कशालाही हात न लावता, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा लांबीरुंदी कमी केली. फोटो नखाएवढा झाला. कुरळे केस, ठिपके, फुलं, सगळं त्यात होतं, आणि वजन अठरा केबी.

या वेळी ॲपने ‘फार लहान’ म्हटलं नाही. नोंद झाली. बायकोने डोळे पुसले आणि उठायला लागली.

“बस जरा,” तो म्हणाला. “अजून एक काढतो.”

“आता कशाला? झाली की नोंद.”

“कुणाला पाठवायचा नाहीये.”

ती परत बसली. तो पुढे सरकला, इतका की मोबाइलच्या पडद्यावर दुसरं काही उरलं नाही, आणि त्याने बटण दाबलं. मोबाइलने जागा नाही म्हणून सांगितलं. करड्या शर्टातल्या माणसांनी तो गच्च भरला होता. तो ओशाळून पडदा खालीवर सरकवत राहिला. कुणाला काढावं ते त्याला सुचेना.

“करा जागा,” बायको म्हणाली. “मी बसलेय.”