गोलूची विमानाची तयारी

मला कुत्र्यामांजरांचं फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या शेजारच्या अंजनाबाई गजभिये यांच्या गोलू कुत्र्यापायी गेल्या मे महिन्यात माझ्याही जिवाला घोर लागला होता.

अंजनाबाईंनी मुलींच्या वसतिगृहात उभी हयात स्वयंपाक केला. कुणाला ताप आला की पेज, कुणाचं पोट बिघडलं की ताक, अशी औषधं त्या चुलीवरूनच द्यायच्या. डॉक्टरपेक्षा त्यांचा अन्नावर जास्त विश्वास. नवरा गेला, मुलगी भावना लग्न होऊन बंगळूरला गेली आणि घरात उरला तो गोलू. पांढरा, झुपकेदार, नको तितका नखरेल. ताटलीत पोळी ठेवली तर ढुंकून बघायचा नाही, बाईंनी हातानं भरवली तरच खाणार. लाडावून ठेवला होता, दुसरं काय!

भावनाला दिवस गेले. बाळंतपणाला आई हवी, आणि गोलूशिवाय आई जागची हलायची नाही. शेवटी भावनानं दोघांचीही विमानाची सोय केली. तारीख आली नेमकी नवतप्यात, म्हणजे आमच्याकडे ऊन सगळ्यात जास्त भाजतं तेव्हा. कुत्रा माणसांजवळ बसणार नाही, पिंजऱ्यात घालून खाली सामानाच्या कप्प्यात जाईल, असं विमान कंपनीनं कळवलं. तेव्हापासून बाईंचा एकच धोशा सुरू झाला.

"अंधारात ठेवतीन वं त्याले," त्या मला म्हणायच्या. "भुकला तरी कोणाले ऐकू येणार नाई. आन् विमानात चढवायच्या आधी उन्हात ठेवला त? आपल्या नागपूरचं ऊन!"

"काही होत नाही. कितीतरी कुत्री जातात," मी म्हणायची. खरं तर मला यातलं काडीचं कळत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून तोंडाला येईल ते बोलायची.

पिंजरा आला. विमानाच्या घरघरीची सवय व्हावी म्हणून बाईंनी तो कूलरपुढे मांडला आणि आत आपली जुनी साडी अंथरली. गोलू काही आत जाईना. ढकलला की चारी पाय ताठ करायचा. मग बाईच आत डोकं घालून "ये नं बाबू, ये" करत बसायच्या. मला हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं. पुढे तो आपणहून आत जायला लागला. आणखी काही दिवसांनी तर आत नुसता पडूनच राहायला लागला.

"शिकला वं!" बाई म्हणाल्या. पण ही खुशी टिकली नाही. गोलू पायरी चढेना, शेपटी हलवेना, बसल्या जागी धापा टाकायला लागला.

"ऊन लागून राहिलं त्याले. घरात कूलरपाशी हे हाल, त तिथं काय होईन?" विमान उतरलंय, लोक पिंजरा उघडतायत आणि आत गोलू गार पडलाय, असं स्वप्न त्यांना पडायचं. आता मलाही भीती वाटायला लागली होती.

कुत्रा विमानानं न्यायचा तर तब्येत ठीक असल्याचा दाखला लागतो. त्यासाठी मी त्यांच्याबरोबर ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात गेले. मिनल नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी गोलूचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"लघवीचा रंग कसा आहे?"

"चहावानी, मॅडम. ऊन लागलं त्याले."

"खायला काय देता?"

बाई जरा सावरून बसल्या. हा त्यांचा प्रांत होता. "दहीभात देते. त्याच्यात कच्चा कांदा किसून. तारीख समजली तवापासून रोज देऊन राहिली. तो सुकत चालला, त कांदा आणखी वाढवला."

आमच्याकडे यात नवल काहीच नाही. उन्हात निघालेल्या लेकराच्या खिशातसुद्धा ऊन लागू नये म्हणून आम्ही कांदा घालतो, आणि गोलू बाईंचं लेकरूच होतं.

डॉक्टरांचा हात थांबला. "मावशी, कांदा कुत्र्याला विष असतो. त्याच्या रक्ताच्या पेशी फुटतात. याला ऊन नाही लागलेलं, याचं रक्त संपत चाललंय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे मीनंच?" एवढंच बोलल्या.

गोलूला सलाईन लावलं. दाखल्याचा विषयच मिटला. मी भावनाला फोन केला, तिचे दिवस भरायला अवकाश होता, ती म्हणाली, "आईले म्हणा, आधी त्याले पाहा." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं. पोटात अन्न गेलं तर वाचेल, नाहीतर कठीण आहे, असं स्पष्टच सांगितलं.

बाईंनी साधा दहीभात कालवला. त्याआधी साबणानं हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग वाटी माझ्यापुढे सरकवली. "तू भरव वं चारू. माह्या हातानं नको."

मी जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता. घाबरत घाबरत घास पुढे केला. गोलूनं तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. माझा धीर सुटला आणि मी बाईंवरच ओरडले, "माझ्याकडून नाही खाणार तो! तुम्ही द्या, नाहीतर मरेल!"

त्यांनी घास घेतला. आधी स्वतः चाखला. मग हात पुढे केला.

गोलूनं मान उचलली. कुत्र्याची जात, हुंगल्याशिवाय कशाला तोंड लावत नाही. पण त्या हाताचा त्यानं वाससुद्धा घेतला नाही, सरळ खायला लागला. बाईंना हुंदका आवरेना, पण हात त्यांनी तसाच धरून ठेवला होता.