त्यांच्यातला कातकरी

जपानी सुपरवायझरनं म्हाताऱ्या वेल्डरच्या हातातली कोरीव काडी हिसकावली, तिच्यानंच स्वतःची कॉफी ढवळली आणि काडी वाळूत फेकून दिली. कुवेतचं युद्ध संपून चारेक वर्षं झाली होती. शुऐबाच्या रिफायनरीच्या साइटवर जेवणाची सुट्टी. शेडमधली सगळी माणसं फिदीफिदी हसली.

वेल्डर जपानचाच, पण आयनू. उत्तरेकडच्या बेटावर जपान्यांच्या आधीपासून राहणारे हे लोक. काडीचं टोक दारूत बुडवून ते देवांना थेंब वाहतात, मग पितात. कुवेतमध्ये दारू कुठली? हा चहात बुडवायचा. त्याच्या आजीला शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मारायचे. घरातली भाषाच गेली. याला तेवढी एक प्रार्थना येत होती. मी त्याचा हेल्पर; हे त्यानं मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. 'तुझे लोक कोण?' असं त्यानं विचारल्यावर मीही खरं सांगून टाकलं होतं. कातकरी. तो कुणाला सांगणार होता?

बाकी सगळ्यांना मी मराठा म्हणून सांगितलेलं. साइटजवळच्या फहाहील गावात, एका खोलीत आम्ही कोकणातले सहा जण एकत्र जेवायचो.

शेडमध्ये पुण्याचे इंजिनिअर साहेब माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बघ रे, ह्यांच्यातही कातकरी असतात! उंदीर खात असेल हा."

मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काडी उचलली, शर्टाला पुसली, चहात बुडवली आणि सुपरवायझरच्या तोंडासमोर मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. सुपरवायझरनं त्याच्या कानफटात मारली. तो थांबला नाही. प्रार्थना पुरी करूनच चहा प्यायला.

माझ्या अंगाची आग झाली. खांद्यावरचा साहेबांचा हात मी काढला.

"साहेब, कातकरी मी आहे."

"काय चेष्टा करतोस!"

"चेष्टा नाय. आय उंदीर भाजून घालायची. तेच खाऊन मोठा झालोय."

साहेबांनी तो हात पँटला पुसला.

संध्याकाळी बातमी माझ्याआधी खोलीवर पोचलेली. माझं ताट बाहेर जिन्यात ठेवलेलं. ज्याला मी दादा म्हणायचो तो रत्नागिरीचा फिटर दारातच उभा.

"तू भायेर जेव."

कालपर्यंत हाच माझ्या ताटातला मासा उचलून खायचा.

मी ताट उचललं, त्याला ढकलून आत गेलो आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून बसलो. घास तोंडात फिरत होता. तरी जेवलो. ज्याला विटाळ होतो त्यानं उठावं. मी उठणार नाही. इथं नाही, गावातही नाही.