कापलेले समास

माझी आत्या एका हस्तलिखितापायी म्हातारी झाली.

हस्तलिखित एका प्राचीन गूढवादी पंथाचं. ज्याला नावच देता येत नाही अशा मूळ तत्त्वातून हे सगळं कसं निघालं आणि माणसाने उलट पावली तिथवर कसं पोचायचं, हा त्याचा विषय. मूळ ग्रंथाच्या प्रती इतरत्रही होत्या. पण आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीच्या समासात कुणा अनाम वाचकाने बारीक अक्षरात टीका लिहून ठेवली होती, ती दुसरीकडे कुठेच नव्हती. "ग्रंथ जिथे गप्प बसतो, तिथे हा बोलतो," आत्या म्हणायची. ते अक्षर लागायलाच तिला चार वर्षं लागली. बाबा चिडवायचे, "हिला ब्रह्मांड उलगडेल, पण कुकरचं झाकण लागायचं नाही."

फोटो काढायला तिने तीनदा अर्ज केला. शाईला उजेड सोसत नाही म्हणून तिन्ही वेळा नकार. मग हातानेच उतरवणं आलं. अकरा वर्षांत चौऱ्याऐंशी पानं झाली, जवळपास निम्मी.

तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तीन महिन्यांनी काठी टेकत ती परतली, तर हस्तलिखिताला नवी कोरी बांधणी. उघडलं. कडा सुरीसारख्या सरळ. समास गायब.

"कडा फार ओबडधोबड होत्या, बाई," बाइंडर हौसेने म्हणाला. "एकसारख्या करून दिल्या."

आत्या ते घेऊन ग्रंथपालांकडे गेली.

ग्रंथपाल म्हणाले, "मजकूर शाबूत आहे ना? मग काठावरच्या खरडीचं काय एवढं?"

काय घडलं ते कळल्यावर बाइंडरचं तोंड उतरलं. समासाच्या कापलेल्या पट्ट्या बऱ्याचशा रद्दीत गेल्या होत्या; काही त्याने त्या महिन्यातल्या पुस्तकांच्या कण्यात मजबुतीसाठी आतून चिकटवल्या होत्या. नोंदवहीत अशी एकेचाळीस पुस्तकं निघाली. पण नियम असा, की पुस्तक फाटल्याशिवाय त्याची बांधणी उसवायची नाही.

मग आत्या दर आठवड्याला त्या कपाटांपुढे उभी राहून कुठलं पुस्तक फाटलंय ते बघू लागली. शेतकी, भूमिती, कायदा. कुणी हात लावत नसे, तर फाटणार कसं? सहा वर्षांत दोन फाटली. नऊ ओळी मिळाल्या.

मी एकदा म्हटलं, "आत्या, आपणच फाडूया ना एखादं!"

"कापाकापी करणाऱ्यांनीच तर मला इथे आणलंय," ती कडाडली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी तिने होती तेवढी टीका छापली. एका परीक्षणात आलं, 'संपादिकेने उत्तरार्धात कंटाळा केलेला दिसतो.' तिने चार वेळा उत्तर लिहिलं, चारही वेळा फाडून टाकलं.

स्वतःच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाइंडर कायद्याचा एक ठोकळा घेऊन तिच्या टेबलाशी आला. "हातातून पडलं, बाई. फाटलं."

कण्यावर सुरीचा स्वच्छ काप होता. आत्याने त्याच्याकडे पाहिलं. चिमट्याने पट्टी सोडवली, भिंगाखाली धरली, उलटी केली. कोरी.

"अरे, एवढं पाप केलंस," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "ते तरी बघून करायचं होतंस!"

तो मान खाली घालून उभाच. मग तिनेच त्याला खुर्ची दिली.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. अडतीस पुस्तकं अजून धडधाकट आहेत. दर गुरुवारी मी तिला तिथे घेऊन जाते, आणि परतताना सगळा राग माझ्यावर निघतो.