रिंगखालची जागा

नववीत असतानाच धम्मप्रियाने उंचीत वडिलांना गाठलं आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत मागे टाकलं. आनंदराज भोकरला लाईनमन. विजेच्या खांबावर चढणारा माणूस. तो हसून म्हणायचा, "माझ्या पोरीला शिडी लागत न्हाई." पंचफुलाला, म्हणजे धम्मप्रियाच्या आईला, मात्र हसू यायचं नाही. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिथं येणाऱ्या बाया विचारत, "एवढ्या लांब पोरीला नवरा कुठून आणावा, माय?" पंचफुला उत्तर देत नसे. खिचडी ढवळत राहायची.

धम्मप्रिया हे सगळं ऐकत वाढली. बारावीपर्यंत ती सहा फुटांच्या वर गेली आणि खांदे पुढं झुकले, आजाराने नव्हे तर सवयीने. एसटीत मान खाली, वर्गात मागचा बाक, लग्नाच्या फोटोत खाली बसलेल्यांच्या रांगेत. पोरं पाठीमागून 'टॉवर' म्हणायची तेव्हा ती चालही वाढवत नसे. झपझप चाललं की टांगा आणखी लांब दिसतात, असं तिला वाटे.

डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी ती लातूरला आली. मार्क कमी पडले. भोकरला तोंड दाखवायला नको म्हणून तिथंच बी.एस्सी.ला नाव घातलं. प्रवेशाच्या रांगेत खेळाचे शिक्षक रामलिंग सर तिच्यासमोर येऊन थांबले.

"बास्केटबॉल खेळतीस?"

"न्हाई सर."

"व्हॉलीबॉल?"

"न्हाई."

"मग एवढी उंची घेऊन करतीस काय?"

धम्मप्रियाला हसू फुटलं. उंचीबद्दल कुणी असं सरळ, काहीतरी कामाची वस्तू असल्यासारखं विचारलं नव्हतं.

ग्राउंडवर तिला गुरम्मा भेटली. निलंग्याच्या बाजूची, घरात कानडी बोलणारी, उसाच्या फडात भारे उचलून कमावलेल्या अंगाची. उंची बेताची, पण खांदे असे की रिंगखाली ती एकदा उभी राहिली की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमत नसे. कॉलेजातली पोरं तिला 'म्हैस' म्हणायची. गुरम्मा म्हणायची, "म्हशीला वाट सोडत्यात सगळे."

तिनेच धम्मप्रियाला शिकवलं. बोर्डावर आपटून परत येणारा चेंडू उडी मारून मिळत नाही. आधी जागा धरावी लागते. पाठ लावायची, गुडघे वाकवायचे, कोपरं बाहेर काढायची आणि मागचीने कितीही रेटलं तरी सरकायचं नाही. "निल्लू," गुरम्मा ओरडायची. कानडीत त्याचा अर्थ उभी राहा. धम्मप्रिया मात्र जरा धक्का लागला की बाजूला व्हायची, वर 'सॉरी' म्हणायची.

"कशाला सॉरी म्हणून राहिलीस? ती जागा तुझी हाय," गुरम्मा चिडायची.

हळूहळू जमायला लागलं आणि तेवढ्यात घात झाला. सरावात धम्मप्रियाने चेंडू खाली आणताना गर्रकन वळून पाहिलं आणि तिचं कोपर पुनमच्या तोंडावर बसलं. पुनम संघातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. ओठ फाटला, टाके पडले. तिच्या पांढऱ्या टी-शर्टवरचं रक्त धम्मप्रिया बघत राहिली. आपलं हे अंग नुसतं बेढब नाही, ते लोकांना लागतं, हे तिच्या मनाने घेतलं. त्या दिवसापासून ती हात छातीशी आखडून खेळू लागली. सर समजावून दमले.

टाके निघाल्यावर पुनम ग्राउंडवर आली. ओठ अजून सुजलेला होता. थोडा वेळ तिने धम्मप्रियाचा खेळ पाहिला आणि जवळ येऊन म्हणाली, "मी आईशी भांडून परत खेळायला आले. तू अशी हात बांधून खेळणार असशील तर कशाला आले मी?"

 दुसऱ्या दिवशी धम्मप्रियाची कोपरं पुन्हा बाहेर आली.

तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नांदेडला होत्या. तोवर गुरम्मा आणि धम्मप्रिया ही जोडी लातूरबाहेरही माहीत झाली होती. एक जागा मोकळी करायची, दुसरी वरून चेंडू काढायची. सेमीफायनलला समोर तनुजा नावाची एक मुलगी होती, चांगली उंच, चपळ. तिचे शॉट धम्मप्रियाने रिंगजवळ हवेतच अडवले. लातूरच्या पोरी मोठ्या फरकाने जिंकल्या.

फायनल त्याच दिवशी चारला होती. बघायला भोकरहून आनंदराज आणि पंचफुला यायचे होते. पोरी जेवायला बसल्या होत्या, तेवढ्यात रामलिंग सर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी धम्मप्रियाला बाजूला घेतलं.

"हरलेल्या टीमच्या मॅनेजरने आयोजकांकडं शंका काढलीय," सर म्हणाले.  "तू... मुलगीच आहेस का म्हणून. एका लेडी डॉक्टरला दाखवून या म्हणतात. दहा मिनिटांचं काम. मला पटत नाही, पण फायनल हातची जायला नको. तू ठरव."

धम्मप्रियाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आजवर लोक टॉवर म्हणाले, खांब म्हणाले. हे कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा तिला वाटलं, जाऊन यावं आणि संपवावं. मग वाटलं, बॅग उचलून बसस्टँड गाठावं. तिचे खांदे पुन्हा पुढं झुकले.

एव्हाना आई-वडील येऊन पोचले होते. धम्मप्रियाकडून ऐकलेलं सगळं गुरम्माने त्यांना सांगून टाकलं. आनंदराज संतापून आयोजकांच्या खोलीकडं निघाला. पंचफुलाने त्याला थांबवलं आणि ती लेकीजवळ येऊन बसली.

"तुला जायचंय का दाखवाया?"

"न्हाई, माय."

"मग जाऊन तसं सांग. तुझ्या तोंडानं सांग."  "बाया मला विचारायच्या तवा मी काही बोलले न्हाई. बोलाया पायजे होतं."

धम्मप्रिया उठली. आयोजकांच्या खोलीत स्पर्धेचं काम बघणाऱ्या एक प्राध्यापक बाई, तो मॅनेजर आणि दोघे-तिघे बसले होते. दारातून आत जाताना ती सवयीने वाकली. आत गेल्यावर ती ताठ उभी राहिली. मागे गुरम्मा, पुनम आणि अख्खा संघ.

"मॅडम, मी तपासायला जाणार न्हाई," ती म्हणाली.  "जायचंच असलं तर सगळ्या टीमच्या सगळ्या पोरी जातील. ह्या मॅनेजर सरांच्या टीमच्या पण. मी एकटी जाणार न्हाई."

"आपण फक्त शंका फेडून..." मॅनेजर म्हणाला.

"कशावरून शंका आली, ते लिहून द्या," धम्मप्रिया म्हणाली. "मी उंच हाय, एवढंच लिहिता येईल तुम्हाला."

 प्राध्यापक बाईंनी कोरा कागद मॅनेजरपुढं सरकवला. त्याने पेन हातात घेतला, खाली ठेवला आणि तोंडी बोललो होतो, जाऊ द्या, असं काहीसं पुटपुटत तो बाहेर पडला. बाई धम्मप्रियाला म्हणाल्या, "मी ही शंका ऐकूनच घ्यायला नको होती. जा, खेळ." दाराशी उभे असलेले रामलिंग सर खाली मान घालून म्हणाले, "मीही तुला विचारायला नको होतं, बाळ."

फायनल त्या हरल्या. गुरम्माचे पाच फाउल लवकर भरले आणि तिला बाहेर बसावं लागलं. रिंगखाली धम्मप्रिया एकटी उरली, दोन-दोन मुली तिच्या अंगावर. ती पडली, उठली, पुन्हा जागा धरून उभी राहिली. एकदाही सॉरी म्हणाली नाही. शेवटी थोडक्यात सामना गेला. पोरी रडल्या, गुरम्मा सगळ्यात जास्त. आनंदराज शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "ती उंच पोरगी माझी."

विद्यापीठाच्या संघात धम्मप्रिया आणि गुरम्मा दोघींची निवड झाली. तनुजाचीही झाली. सरावाच्या पहिल्याच दिवशी तनुजा पाण्याच्या नळापाशी धम्मप्रियाजवळ आली.

"तेव्हा आमच्या सरांनी जे केलं, ते मला माहीत होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्याले."

धम्मप्रियाने बाटली भरली, झाकण लावलं. माफ केलं असं तिला म्हणता येईना आणि भांडावंसंही वाटेना. "चल, सर बोलवून राहिलेत," एवढंच ती म्हणाली.

दोघींची मैत्री काही झाली नाही. पण परराज्यातल्या स्पर्धेत तनुजाने लांबून उंच टाकलेले पास धम्मप्रियाच्या हातात अचूक यायचे आणि ती ते रिंगमध्ये घालायची. प्रत्येक बास्केटनंतर दोघी एकमेकींकडं बघत, मान हलवत आणि बचावासाठी मागं पळत.